नमुना लिहायचं राहिलं

तीर्थस्वरूप सायोताईस,

धाकट्या इत्सुकीचा चटईला कपाळ टेकून नमस्कार. छपरावरचा बर्फ ओढून भावजींची पाठ पुन्हा धरली असेल, तर त्यांना म्हणावं, यंदा छप्पर गेलं तर जाऊ दे, पाठ सांभाळा. तू जेवत असशील तर आधी उरकून घे, मग भिंतीला टेकून पुढचं वाच. माझं लग्न झालंय. मला परवाच कळलं.

ओरडू नकोस. माझं ओरडून झालंय. वॉर्ड ऑफिसचं पाकीट आलं, मला वाटलं कचऱ्याच्या वारांबद्दल असेल (मी बाटल्या नेहमी चुकीच्या दिवशी टाकतो, ते एक असो), तर आत लिहिलेलं, 'आपला विवाह नोंदवून घेतला आहे.' घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं. नेहमीचंही असंच असतं म्हणा.

शाळा सोडल्यापासून मी काय काय केलं ते तुला ठाऊक आहे (माकुळाची बोट तीन महिने, गरम झऱ्याची खानावळ दीड, मध्ये ते अळंब्यांचं, अळंब्यांचं नकोच). आता टोकियोतल्या एका ॲनिमे स्टुडिओत चक्क आठ महिने टिकलोय. आमच्या मालिकेत एक नावाडी आणि एक कोल्हीण आहे. संकट आलं की दोघं एकरूप होतात आणि अर्ध्या तासाने सुटतात. पण आमचे दिग्दर्शक हाताकेदासाहेब एकदम टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "सुटणारं एकरूप होणं म्हणजे भाड्याचा किमोनो! संध्याकाळी परत! शेवटच्या भागात दोघं कायमचे एक होणार." झालं, आठवडाभर स्टुडिओत भांडणं. नाव कुणाचं राहणार? शेपूट कुणाची? शेजारच्या टेबलावरची चिगुसा कुरामोची (ही रंग भरते, मला आडनावानेच हाक मारते, माझ्या रेघा सुजलेल्या असतात असं तिचं मत) म्हणाली, "अरे नेझू, तुझ्यासारखा असला तर नावाडीच विरघळेल. मिठासारखा."

तर प्रसिद्धीसाठी ठरलं, की नावाडी आणि कोल्हिणीचं चित्र छापलेला, पण वॉर्ड ऑफिसात चालेल असा विवाहनोंदणीचा अर्ज चाहत्यांना वाटायचा. एक अर्ज भरून फोटो काढायचा होता. साहेब म्हणाले, "खरा वाटला पाहिजे!" म्हणून मी आणि चिगुसाने आपापल्या खऱ्या जन्मतारखा, खरे पत्ते घातले, सह्या केल्या. साक्षीदार म्हणून साहेबांनी आणि हिशेबाच्या ओनोदेराकाकांनी. लग्नानंतर दोघांचं आडनाव कुणाचं, त्या चौकटीत मी बायकोच्या बाजूला खूण केली, कारण नवऱ्याच्या चौकटीवर कोल्हिणीची शेपूट येत होती आणि खूण वाईट दिसली असती. फोटो झाला. आता लाल शाईने आडवं 'नमुना' एवढंच लिहायचं होतं. ताई, तू मला आयुष्यभर नमुना म्हणत आलीस, आणि एकदाच तो शब्द कागदावर लिहायचा होता, तर मी नूडल्स गार होतील म्हणून जेवायला गेलो.

ओनोदेराकाकांना हे नमुन्याचं कुणी बोललंच नव्हतं. "मी म्हटलं, पोरांना काम सोडवत नाही, आणि दिवस ताइआनचा, पंचांगातला सगळ्यात शुभ! याहून चांगला मुहूर्त मिळतो का? मीच धावत वॉर्ड ऑफिसात देऊन आलो रे!" हे सांगताना त्यांचे डोळे भरलेले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लाल चवळीचा मंगलभात वाटला होता. मी दोनदा घेतला. कशाबद्दल, ते विचारलं नाही.

वॉर्ड ऑफिसात गेलो. म्हटलं, ही चूक आहे.

"सही तुमचीच?"

"हो."

"त्यांची सही त्यांचीच? साक्षीदार खरे?"

"खरे."

"मग चूक कुठली? कोर्टात जा, नाहीतर घटस्फोटाचा अर्ज भरा. पलीकडच्या खिडकीवर मिळेल."

तो अर्ज बघून मी हादरलो. त्यावर एकही चित्र नाही.

म्हणजे आज मी, बाबांच्या पाठीमागे नेझू घराण्यात उरलेला एकुलता एक मुलगा, नेझू नाही. कुरामोची आहे. आईला हे कळलं तर ती बाबांच्या थडग्यापुढे बसून त्यांना एकेक गोष्ट सांगेल, आणि शेवटी आपण दोघंही शिव्या खाऊ. चिगुसा मात्र ओरडली नाही. पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "आता तुला हाक कशी मारू? कुरामोची म्हटलं तर मीच वळून बघेन."

म्हणून तो घटस्फोटाचा अर्ज सोबत जोडतो आहे. साक्षीदाराच्या जागी तुझी सही करून उलट टपाली धाड. आमच्या दोघांच्या सह्या नंतर करू.

तुझा,
इत्सुकी (आडनाव सध्या वादात)

ता.क. : चिगुसाला अर्ज दाखवला. ती म्हणाली, "आधी तू सही कर, मग मी." तेव्हापासून माझं पेन चालत नाहीये. शाई आहे.

ता.क. दुसरा : आईला तूच सांग, तुझं ऐकते ती. पण लग्नापासून सुरुवात कर, आडनावापासून नको. मुलगी रंगात फार हुशार आहे हेही मध्ये कुठेतरी घाल.

ता.क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत अर्ज सापडला नाही, तर पोस्टाला बोल लावू नकोस.