तळघरातला नवा उजेड

६ जानेवारी, सकाळी ८.१०
संकल्प: तळघरातला उजेड सुधारणे. चौदा वर्षं मी आणि मार्लिसने या बिनखिडकीच्या खोलीत विमा कंपनीच्या जुन्या फायली सांभाळल्या. आता तिची बदली तिसऱ्या मजल्यावर. तिथून म्हणे सरोवर दिसतं. ती गेली ती या भुणभुणणाऱ्या ट्यूबलाइटला कंटाळून. दुसरं कारण असूच शकत नाही. उजेड नीट केला की येईल परत.

९ जानेवारी
मार्लिस खाली आली. म्हणाली, नॉर्बर्ट, माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे, ये की वर. मी म्हणालो, छे छे, इथे बरा आहे मी. पहिल्या हाकेला हो म्हणायला मी काय शिकागोचा आहे? आमच्या मिनेसोटात पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा ‘बरं, आता इतका आग्रहच करतेस तर’. आईने केकचा तुकडासुद्धा असाच घ्यायला शिकवलं.
तोवर दिवे बघू.

१५ जानेवारी
पिवळा दिवा आणला. आकडे दिसेनात, शिवाय झोप येते.

१६ जानेवारी
पांढरा लावला. आरशात पाहिलं तर नुकताच शवागारातून उठून आलेला माणूस. दुकानदार म्हणतो, एका दिव्याने भागत नाही. एक छताकडे तोंड केलेला, एक टेबलावर. दोन्ही घेतले.

२२ जानेवारी
दुसऱ्यांदा विचारलं! म्हणाली, अरे, टेबल अजून आहे, पण मॅनेजर घाई करतोय. रीतीप्रमाणे नाही म्हणालो. नकार कोरडा वाटू नये म्हणून दिवे एकेक लावून दाखवले. सांगितलं, आता खिडकी हवी कुणाला, असा उजेड वर तुम्हालाही नसेल. ती दिव्यांकडे बघत राहिली. चाटच पडली असणार.
कॉफीचा मग आणि कॅल्क्युलेटर खोक्यात भरून ठेवले.

२९ जानेवारी
आली नाही. कामात असेल. दिवा कमी-जास्त करायचं बटण बसवलं. दुपारभर फिरवत बसलो. डबा एकट्याने खाल्ला. सँडविचचे दोन भाग करायची खोड जात नाही.

५ फेब्रुवारी
जिन्यात भेटली. तिला विचारायला सवड मिळावी म्हणून थंडीवर बोलत राहिलो. उणे सव्वीस. शेवटी तीच म्हणाली, ते टेबल काल नव्या मुलीला दिलं. तिसऱ्यांदा विचारायला येणार होते, पण तू त्या दिव्यांत इतका खूश दिसलास. वाटलं, माझ्यावाचून याचं काही अडत नाही, कशाला छळायचं.
मी म्हणालो, उत्तम केलंस.

७ फेब्रुवारी
खोक्यातलं सामान परत मांडलं. उजेड आता अगदी हवा तसा आहे. सावली पडत नाही, डोळे दुखत नाहीत, खोलीचा कोपरान् कोपरा दिसतो. कुणी नाही.
मला वर जायचं होतं. खिडकी नसती तरी चाललं असतं.