शुक्रवारी माझी माती होती

श्रीमान उद्धवराव साडूबुवा यांना तलमडुगूहून चंपतरावाचा हात जोडून रामराम. आम्ही सगळे ठीक, तुम्ही निर्मलला ठीक असाल. गुडघा वाकतो का? खोकला गेला का? नाक साफ आहे ना? (नाकाचं काऊन विचारतो ते पुढे येईल.) मी जिवंत आहे. हे आधीच लिहितो, कारण तुमच्या कानावर काही वेगळं आलं असेल.

आमच्या शेताला लागून डिझेलचा जुना डेपो होता, तुम्हाला आठवत असेल. शेठ निघून गेला, टाक्या भंगारात गेल्या, तेल मात्र जमिनीतच राहिलं. पुढे प्रदूषणाच्या ऑफिसातून भार्गव साहेब आले. त्यांनी काळी पडलेली माती खणून ट्रकने नेली, नवी टाकली, जागोजागी तपासणीचे पाइप पुरले, भोवती कुंपण घातलं, त्यात आमच्या शेताची वाटही अडकली. आता शेवटची तपासणी झाली की जागेचं क्लोजर होणार, म्हणजे फाइल कायमची बंद.

तर त्या तपासणीसाठी साहेबांचा फोन आला. साहेब तेलुगू माणूस, मराठी बोलतात पण तोडून तोडून. फोन आमच्या सुनेने, भाग्यलक्ष्मीने घेतला आणि अंगणातून ओरडून सांगितलं, "मामंजी, शुक्रवारी तुमची माती आहे म्हणे, सगळ्यांनी घरी राहा." हे शेजारच्या गयाबाईने कुंपणाआडून ऐकलं. आपल्याकडे कोणाला पोचवायला गेलो की मातीला गेलो म्हणतात, तिला तेवढीच माती माहीत. (खरं सांगतो, घटकाभर माझाही विश्वास बसला. सरकारला आपल्यापेक्षा आधी कळत असेल, असं वाटलं.) शुक्रवारी सकाळी मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो, तर गयाबाई पदर डोळ्यांना लावून दारात. मला बघून म्हणते, "अव्वा! काऊन भाऊजी, तुमी तर चहा पिऊन राह्यले!" तिच्यामागे इंद्रवेल्लीचे यशवंतराव, गयाबाईच्या निरोपावरून पांढरी टोपी घालून पहिल्या बसने आलेले. त्यांना समजावून सांगितलं तर ते रागावले. म्हणाले, "आता आलोच आहो तर जेवूनच जातो." त्याच गर्दीत साहेब येऊन बाटल्यांत माती नि आमच्या विहिरीचं पाणी भरून घेऊन गेले.

तीन-चार दिवसांपूर्वी ते परत आले. म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, माती साफ, विहिरीचं पाणी पण साफ, येत्या सोमवारी तुम्ही सही द्या की वासाची काही तक्रार नाही. सही दिली की पाइप निघतील, कुंपण निघेल, शेतात जायची वाट मोकळी होईल. पण मग पुन्हा कोणी तपासायला येणार नाही. सही नाही दिली तर वाट बंदच, कापूस पेरायचा कुठून? मी म्हटलं, साहेब, आधी चहा घ्या. ते नको म्हणाले. पाणी तरी घ्या म्हटलं, तर गाडीतली बाटली काढून प्यायले. "डॉक्टरनं सांगितलं आहे," म्हणाले.

साडूबुवा, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. पेला तोंडाशी नेतो नि हात थांबतो. प्यायलो की स्वतःची नाडी बघतो. चुलीला फुंकर घालायलाही भितो, पोटात डिझेल असलं तर काय घ्या. समोरच्या घरातली रेणुकाबाई म्हणते, पाऊस पडून गेला की विहिरीला वास येतो. पण तिला सगळ्या गावाची फोडणी करपलेली वाटते, तिची साक्ष कोण धरणार? आणि माझ्या नाकाला तपकिरीशिवाय काही कळत नाही.

बाकी इकडे सगळं उत्तम आहे, काळजी नसावी. मेहुणीबाईंना रामराम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा घाबरट साडू,
चंपतराव

ता. क. आमच्या पंकजच्या लग्नात तुम्ही भर पंगतीत तूप हुंगून "हा डालडा आहे" म्हणाला होता. तेव्हापासून मी तुमच्याशी धड बोललो नाही. (तुपाचं काय होतं ते राहू द्या.) निर्मलची लाकडी खेळणी रंगवत त्या वासात राहूनही तुमचं नाक शाबूत आहे, असं सगळे म्हणतात. तेच नाक घेऊन रविवारी या. बादली मी काढतो, तुम्ही हुंगा. तुम्ही म्हणाल तशी सोमवारी सही.

ता. क. २ पांढरी टोपी घालून येऊ नका. गयाबाई पुन्हा रडायला लागेल. आणि प्यायला पाणी घरून आणा.

ता. क. ३ भाग्यलक्ष्मीला सातवा महिना आहे. "गावातल्या नळाचं पाणी मला गोड लागतं" असं खोटं सांगून मी तिच्यासाठी तिथून घागर भरून आणतो, पण तिला विहिरीचंच आवडतं, मी झोपलो की ती तेच पिते. म्हणून या. माझं काय, माझी माती एकदा होऊन गेली आहे.