फक्त कॉलर

श. ४ मे ९१, पाचोरा
धाकटी जाऊ सुरेखा जळगावहून आलीय. कारखान्यात शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवते. फक्त कॉलरी. बाही कुठल्या तोंडाने लावतात ते हिला ठाऊक नाही, आणि सासूबाई हिला कारागीर म्हणतात. मी झबल्यापासून भजनी मंडळाच्या पेटीच्या खोळीपर्यंत सगळं शिवते, तर नुसती शिवणवाली. जळफळाट होतो. लिहिलं की बरं वाटेल वाटलं. नाही वाटलं.

मं. ७ मे
यंदा गणवेशाचं एकही कापड आलं नाही. सगळे जळगावचे तयार घेतात. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांच्या गळ्याशी हिचीच कॉलर. हे म्हणाले, तूही जा तिथे. इथे नुसत्या कॉलरी शिवायला बसले तर आठवड्यात गावातले गळे संपतील. म्हणून तर बारा कामं शिकले ना...

शु. १० मे, जळगाव
कारखान्याच्या शेठनी विचारलं, काय येतं? म्हटलं, सगळं. "सगळं नको बाई. एक सांगा."
सु.च्या शेजारी बसवलं. दुपारपर्यंत तिचा ढीग हनुवटीला, माझा ओंजळभर. मला प्रत्येक कॉलर उलटून बघायची खोड. मग हात ऐकेना. पलीकडच्या गठ्ठ्यातलं शर्टाचं अंग ओढलं, कॉलर जोडली, बाह्या लावल्या. पुरा शर्ट! कॉलर चौतीस मापाची, अंग तीसचं. शेठनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. बाया हसल्या. सु. हसली नाही, तेच जास्त लागलं.

मं. १४ मे, पाचोरा
शेठचा निरोप. बटणावर जागा आहे, सोमवारपासून. दिवसभर बटणं. गेले तर इथलं दुकान बंद करावं लागेल. न गेले तर ते तसंही...

र. १९ मे
सु. ब्लाउजपीस घेऊन हजर. भावाचं लग्न आहे, शिवून द्या म्हणाली. माप घेतलं. कंबर अजून तश्शीच मेलीची.
तू का नाही शिवत, विचारलं. तर माहेरी असताना स्वतःचे ब्लाउज तीच शिवायची म्हणे. मला वाटायचं, कधी शिकलीच नाही.
"तीन महिनामा हात बाकीनं बठ्ठं भुली जास, अक्का. मंग सोपं पडस."
म्हटलं, आणि हात विसरला ते सगळं परत येतं का गं?
ती कापडाची घडी मोडत, घालत राहिली.
उद्या सोमवार. सकाळी सातच्या जळगावच्या गाडीला स्टेशनवर थांबते म्हणाली.