बाटलीवरचं नाव

कुंडल,
ता. १४ जून २०२४

आदरणीय चारुशीलाताईंना केरबाचा नमस्कार.

इकडे ठीक. गुडघे धरलेत. पत्र पोस्टात टाकलं तर हरवेल, नातू जयराजबरोबर तुमच्याकडे साताऱ्याला धाडलं तर तो फोडून वाचेल, या घोरात चार दिवस गेले. तुम्हाला आता दिसत नाही, तेव्हा तुमची ज्ञानदा वाचून दाखवेल. तिनं आधी एकटीनं वाचावं.

तिचा गेल्या आठवड्यात फोन आला. तुमच्या अक्षरांचं प्रदर्शन सांगलीत भरवायचंय, आईच्या अक्षरातली औषधाची जुनी बाटली असेल तर द्या म्हणाली. "तुमच्या अंबूबाई गेल्यापासून आईनं बोरू धरला नाही. आपलंच औषध चुकलं, असं अजून म्हणते." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

आमच्या भागात औषधाचं दुकान टाकणाऱ्या तुम्ही पहिल्या बाई. माणसं हसायची, "बाईमाणूस औषध करणार व्हय रं?" पण बाकीच्या दुकानांची लेबलं इंग्रजीत आणि तुमची मराठीत, बोरूनं, ज्याचं त्याचं नाव घालून. 'सौ. अंबूबाई. खोकला. दोन चमचे, तीनदा.' अंबू म्हणाली, "आवं, माझं नाव एवढं देखणं हाय व्हय?" बाटली संपली तरी आम्ही टाकली नाही.

आता लिहितो.

त्या बाटलीत मी उसातलं उरलेलं तणनाशक ओतलं. गोठ्यात उन्हानं शाई उडेल म्हणून बाटली घरात फळीवर ठेवली. अंबूला सांगायचं राहिलं. तिला वाटलं, मी नवीन औषध आणलंय. आपलं नाव बघून तिनं दोन चमचे घेतले.

"बाईंच्या औषधानं जळतंय," असं ती दवाखान्यात म्हणाली. ते सगळ्यांनी ऐकलं. मी गप्प बसलो. पोलिसांनी बाटली मागितली, फुटली म्हणालो. तुमच्या दुकानावर दगड पडले तेव्हा मी समोरच उभा होतो. दहाव्याला तुम्ही दारात आलात. "केरबा, माझ्या हातून काय चुकलं?" मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

बाटली सोबत आहे. चाळीस वर्षं कणगीत लपवली होती. बूच उघडू नका, हात लागला तर साबणानं धुवा. प्रदर्शनात मांडलीत तर खाली माझं नाव घाला.

लेबलाच्या तळाला तुम्ही तांबड्या शाईनं लिहिलं होतं, 'रिकामी झाल्यावर फोडून टाकावी.' केरबाला वाचता येत नाही, असं सगळे धरून चालले. मी तिसरी पास आहे, ताई. वाचलं होतं.

तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. उत्तर धाडू नका.

अंबूचा नवरा,
केरबा