भिंतीकडेची आंबुशी

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? सरकार बदलल्यापासून छापखान्यात कोणी मोकळं बोलत नाही. दोघांना पोलीस घेऊन गेले. दुपारी मी मागच्या भिंतीपाशी उगवलेली आंबट पानांची आंबुशी बघत बसते. तेवढंच जिवाला बरं वाटतं.

काल नवा मुकादम मागोमाग आला. "रोज इथे कुणाची वाट बघता?"

"कुणाची नाही. हा पाला बघते."

त्याने एक पान चावलं आणि हसला. "लहानपणी आम्हीही खायचो." मलाही हसू आलं.

आज सगळी आंबुशी उपटलेली होती, खालची माती काही पुरलंय का बघावं तशी खोल उकरलेली. त्यानेच केलं असेल का? विचारायची सोय नाही.

काळजी करू नकोस, ती पुन्हा उगवते. हे पत्र ओळखीच्या हाती पाठवते आहे; बाबांना मात्र सांग, टपालाने धाडाल त्या पत्रात फक्त तब्येतीचंच लिहा.

तुझीच,
धाकटी