ट्रम्पेटवाल्याचं लायसन्स

अहो ट्रम्पेटवाले,

तुमचं लायसन्स परत आलं! ट्रम्पेटच्या पेटीवर ठेवलंय. थेंबभरही प्यायला नव्हतात, तरी दारू तपासायचं मशीन तोंडापुढे करणाऱ्या पोलिसाला "मी फुकट फुंकत नाही" असं ऐकवलंत. मग काय, न फुंकणं हाच गुन्हा ठरला आणि लायसन्स वर्षभर जप्त!

काल त्याच चौकात मला अडवलं. मी असं दणकून फुंकलं की पोलीसच म्हणाला, "ताई, पुरे, पुरे!"

गाडी धुवायला नेतेय. कोट इस्त्री करून ठेवलाय. संध्याकाळी कार्यक्रमाला जाताना मात्र किल्ली मागू नका, मीच चालवणार. वर्षभर शेजारच्या सीटवर बसून तुम्ही माझ्यासाठी वाजवत आलात. तेही फुकट!