भुऱ्याची पिसं आणि जावयाचं वाण

१८ मे, सोमवार
श्री मागाहून लिहीन. आधी तक्रार. दुसऱ्याच्या घरी पोपट द्यायचा तर पिसांसकट द्यावा. लेकीने काल नॉयडाहून पाठवला तो छातीवर सोललेल्या कोंबडीसारखा. विलायती, राखाडी, शेपूट लाल. जावईबापूंनी हौसेने आणलेला, नाव किंग. आता म्हणे पिसं उपटतो, घाण करतो, नको. मी फोनवर विचारलं, आमचं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर काय उकिरडा आहे? नीता म्हणाली, "आई, ठेव ना. प्लीज." एवढंच, आणि ठेवला फोन.
किंगबिंग काही नाही. भुऱ्या.
श्री.

२० मे, बुधवार
बोट फाडलं मेल्याने. डाळिंबाचे दाणे देत होते, चोच पार हाडाला लागली. मी लाटणं फेकलं पिंजऱ्यावर. तर तो किंचाळला आणि स्वतःचंच पीस उपटून टाकलं. मारते मी, सूड घेतो स्वतःवर. असलं पाखरू जन्मात पाहिलं नाही.
ईशा, आमची नात, कॉलेजातून आली ती माझ्यावरच. "आजी, पागल हो क्या? तो डरलाय यार!" म्हटलं रक्त माझं गेलंय, हा कसला डरतो. मान मुरगाळून टाकीन एक दिवस.

२३ मे, शनिवार
त्या उघड्या कातडीला हळद आणि तेल लावलं. घरात कुणाला काही झालं की आपण हेच लावतो. दुपारपर्यंत पिसं चिकटली, ती काढायला त्याने आणखी ओरबाडलं. पिंजऱ्याच्या तळाला रक्त. ईशाने पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मी पण गेले. डॉक्टर म्हणजे पोरगीच. "माताजी, ये तेल किसने लगाया?" मी ईशाकडे बघितलं.
तपासलं. किडा नाही, आजार नाही. "डरा हुआ है. कब नोचता है, वो देखिए." गळ्यात पट्टा घातलाय, चोच छातीपर्यंत पोचू नये म्हणून. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं.

२७ मे, बुधवार
बघत बसते. दुसरं काम काय. कुकरची शिट्टी, काही नाही. बेल, काही नाही. कूलर घरघरला, ढिम्म. आमचा मुलगा दिनेश ऑफिसातून आला आणि फोनवर कुणावर तरी खेकसला, झालं. भुऱ्या पट्ट्याला धडका द्यायला लागला. मग टीव्हीवर ते बातम्यांतले भांडखोर, परत तेच. पुरुषाचा आवाज चढला की चोच छातीकडे.
दि.ला सांगितलं, घरात आवाज चढवायचा नाही.
"आई, माझं घर आहे."
म्हटलं, सरकारचं आहे.

२ जून, मंगळवार
टीव्ही बंद आहे. दि. तोंड पाडून जेवतो. पट्टा काढला. छातीवर पांढरी लव आली, कापसासारखी. माझ्या हातून मिरची खातो, मान खाली घालून पुढे करतो. लाडबिड नाही. खाज आहे त्याला, मी खाजवते.
अधिक महिना लागलाय. जावयाला धोंड्याचं जेवण, तेहेतीस अनारशांचं वाण. पीठ मळून ठेवलंय. रविवारी येतील दोघं. लग्नाला एवढी वर्षं झाली, दोन वेळा अधिक महिना आला, दोन्ही वेळा वाण दिलं, पाय धुतले त्याचे.

७ जून, रविवार
आज अक्षर वाकडं येईल.
जेवणं चालली होती. मी वडे तळत होते. नीता वाढत होती, एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज. जावई आल्यापासून भुऱ्या कोपऱ्यात चिकटलेला. हा पानावरून उठला. "बोल किंग! साला, माझं खाऊन माझ्याशी बोलत नाही?" पिंजऱ्यावर पंजा मारला. भुऱ्याने छातीचं पीस मुळासकट उपटलं, रक्ताची चिळकांडी भिंतीवर. जावयाने परत हात उगारला. पिंजऱ्यावर. नीताकडे बघत पण नव्हता.
भुऱ्या खाली दबला. आणि मागे नीता खाली दबली. कोपर तोंडावर घेऊन. वरणाचं भांडं पडलं.
दोघं एकसारखी.
माझ्या हातात झारा होता, उकळत्या तेलातून काढलेला. त्याच्या मनगटावर टेकवला. मारला नाही, टेकवला. आणि दाबून धरला. चर्र झालं. तो बैलासारखा ओरडला, दुसरा हात माझ्यावर उगारला. तो हात दिनेशने पिरगाळला. एकदाचा.
"उठ नीता. चल घरी," जावई म्हणाला.
नीता भुऱ्याला टॉवेलात धरून छातीवर कॉर्नफ्लोअर दाबत होती. मान वर केली नाही. तो एकटाच गेला. वाण तसंच.

९ जून, मंगळवार
भुऱ्या वाचला. पट्टा परत. लव सगळी गेली, पहिल्यापासून सुरुवात.
अनारसे गेटवरच्या चौकीदाराला दिले.
नीताला विचारलं, कधीपासून? म्हणाली, "आई, रोज नाही गं." थोबाडीत द्यावीशी वाटली. मग कळलं, तेच तर नको. हात मागे घेतला.
विचारलं, पोपट का पाठवलास? "इथे तरी जगेल म्हणून." म्हटलं, आणि तू? ती भेंडी चिरत बसली.

११ जून, गुरुवार
दिनेश फिरला. "आई, चटका दिलास त्याला. पोलिसात गेला तर माझी नोकरी? आणि अधिक महिन्यात जावयाला असं..." म्हटलं, जा, पाय धू त्याचे. वर बोलला, "समजावून बघू. समझौता होईल." आवाज चढला तसा भुऱ्या धडपडला. मग गॅलरीत जाऊन पुटपुटला.
नीता दुपारी बॅग भरत होती. संध्याकाळी परत कपडे काढून दोरीवर टाकले. मी काही विचारलं नाही. विचारलं तर जाईल.

१३ जून, शनिवार
जावयाचा फोन. उद्या अकरा वाजता स्वतःच्या आईला घेऊन येतोय, नीताला न्यायला. मनगटाला पट्टी आहे म्हणे. असू दे.
नीताने ऐकलं. भुऱ्याचा पट्टा सैल करून मान खाजवत बसली. तिच्या बाह्या वर होत्या, पहिल्यांदा. निळं पिवळं सगळं. सूनबाई, ईशाची आई, बघून आत गेली, रडली. रडून काय होतंय.
सगळ्यांना समोर बसवून सांगितलंय. दार मी उघडीन. पाणी ईशा देईल. दि.ने चढ्या आवाजात एक शब्द काढायचा नाही. जावयाची आई विचारेल, सून येतेय की नाही. त्याचं उत्तर नीताने द्यायचं. हो असो की नाही. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. मी पण नाही.